पटावरचा शेवटचा दाणा आणि पारी-जीपी : एका मोफत गणकाचे परीक्षण

बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट रविवारच्या गणितवर्गात मी गेली काही वर्षे सांगत आलो आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत गेले की एकूण दाणे २^६४ − १ होतात (घातासाठी मी येथे आणि पुढेही ^ हे चिन्ह वापरले आहे). अंकांत लिहायचे तर १८४४६७४४०७३७०९५५१६१५. राजाचे कोठार रिकामे झाले की गोष्ट संपते, मुले हसतात आणि या वीस अंकी संख्येकडे पुन्हा कोणी वळूनही पाहत नाही. यंदा मी गोष्ट दोन मिनिटांत आटोपली आणि उरलेला वेळ संख्येलाच दिला. तिचे मूळ अवयव कोणते, विभाजक किती, तिच्या शेजारी मूळ संख्या आहेत का, असे प्रश्न फळ्यावर लिहिले आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी हाताशी असलेली साधने एकेक करून वापरून पाहिली. त्यांपैकी पारी-जीपी हे एकच साधन शेवटपर्यंत टिकले.

आधी जी टिकली नाहीत त्यांच्याविषयी. वर्गात बहुतेकांकडे हजार-बाराशे रुपयांचा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर असतो. त्याच्यावर २^६४ − १ केले की १.८४४६७४४०७ × १०^१९ असे दिसते आणि नुसते २^६४ केले तरी अक्षरश: तेच दिसते. पहिल्यातून दुसरे वजा केल्यावर उत्तर −१ यायला हवे, तेथे शून्य येते. कंपनीचे नाव मी घेत नाही, कारण हा तिचा दोष नव्हे. दहा-पंधरा अंक जपणाऱ्या यंत्राकडे वीस अंकी संख्या दिली तर शेवटचे अंक गळणारच. स्प्रेडशीटने तर चांगलीच फसवणूक केली. तिने १८४४६७४४०७३७०९६००००० अशी संख्या दाखवली आणि एका मुलीने नियमाप्रमाणे अंकांची बेरीज करून, ती ७० भरते म्हणून, या संख्येला ३ ने भाग जात नाही असे वहीत लिहून टाकले. खऱ्या अंकांची बेरीज ८७ आहे आणि ३ ने भाग नि:शेष जातो. मुलीची पद्धत अचूक होती. तिच्या हातात पडलेली संख्याच दुसरी होती. लांबी-वजनाच्या हिशेबात पाच अंक शून्य झाले तर काही बिघडत नाही, पण विभाज्यता ही शेवटच्या एककापर्यंत सगळे अंक शाबूत असतील तरच विचारण्याजोगी गोष्ट आहे.

पारी-जीपी हा फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात आंरी कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेला अंकसिद्धान्ताचा, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांच्या अभ्यासाचा, प्रकल्प आहे. आज करीम बेलाबास आणि अनेक स्वयंसेवक तो सांभाळतात. पारी ही मूळ प्रणाली आणि जीपी हा तिच्याशी बोलण्याचा गणक. हे नाव ‘ग्रेट प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर’ या तीन शब्दांवरून आले असून त्यातले शेवटचे अक्षर पुढे गळले. एक पैसा पडत नाही, जाहिरात नाही, नावनोंदणी नाही. संगणकावर तो बसवता येतो, ब्राउझरमध्ये न बसवताही वापरता येतो आणि अँड्रॉइड फोनसाठी पारीड्रॉइड आहे. सुरू केल्यावर पडद्यावर काही ओळींचे स्वागत होते आणि पुढे नुसते एक प्रश्नचिन्ह येऊन थांबते. त्या प्रश्नचिन्हासमोर आपण लिहायचे. उत्तराच्या आधी टक्क्याचे चिन्ह आणि क्रमांक येतो, त्यामुळे चौथे उत्तर पुन्हा हवे असेल तर टक्का चार लिहिले की पुरते. दिखाऊपणाच्या बाबतीत हा गणक अगदीच कोरडा आहे, आणि मला ते आवडले.

फॅक्टर या आज्ञेला आमची संख्या दिली. डोळ्यांची पापणी लवण्याआधी दोन स्तंभ आले. डावीकडे मूळ अवयव, उजवीकडे त्यांचे घात. डावीकडे ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७, उजवीकडे सात वेळा १. दोन हॅश चिन्हे (##) लिहिली की मागच्या आज्ञेला किती वेळ लागला ते जीपी सांगतो. येथे त्याने सांगण्याजोगा वेळच घेतला नव्हता. मूळ अवयव सात आणि एकही दोनदा नाही, म्हणून विभाजक २^७, म्हणजे १२८. विभाजकांची संख्या देणारी स्वतंत्र आज्ञाही तेच सांगते. आता शेजारी पाहा. एक दाणा वाढवून २^६४ केले तर २ हा एकच मूळ अवयव उरतो आणि विभाजक होतात ६५. आणखी एक वाढवला की २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ अशी दोनच अवयवांची फोड मिळते आणि विभाजक राहतात फक्त चार. ओळीने उभ्या असलेल्या या तीन संख्या कॅल्क्युलेटरला एकच वाटत होत्या.

यानंतर जे घडले ते मी ठरवलेले नव्हते आणि या गणकाची खरी योग्यता मला तेथे कळली. एका विद्यार्थ्याने २ ऐवजी चुकून एक्स हे अक्षर टाकले आणि एक्स^६४ − १ ची फोड मागितली. दुसऱ्या एखाद्या साधनाने लाल अक्षरांत चूक दाखवली असती. जीपी मात्र ज्याला किंमत दिलेली नाही त्या अक्षराला चल मानतो आणि बहुपदीचे अवयव पाडून देतो. पडद्यावर सात ओळी आल्या : एक्स − १, एक्स + १, एक्स^२ + १, एक्स^४ + १, एक्स^८ + १, एक्स^१६ + १, एक्स^३२ + १. “सर, आकडा टाकायचा राहिला,” असे म्हणत तो खोडायला निघाला होता. मी त्याला थांबवले आणि त्या सात ओळींत एक्सच्या जागी २ ठेवायला सांगितले. मिळाले १, ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. आठवीत शिकलेले दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र पुन:पुन्हा वापरले की हेच मिळते : २^६४ − १ म्हणजे २^३२ − १ गुणिले २^३२ + १, त्यातल्या पहिल्याचे पुन्हा दोन भाग, आणि असेच खाली. पटाच्या भाषेत सांगायचे तर निम्म्या पटावर, म्हणजे बत्तीस घरांत, ४२९४९६७२९५ दाणे असतात, आणि हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले तर ते सुमारे १७० टन होतात. पूर्ण पटावरचे दाणे म्हणजे त्याच राशीच्या ४२९४९६७२९७ राशी. जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो, त्या मानाने पूर्ण पट भरायला नऊशेहून अधिक वर्षांचे पीक लागेल.

पण बीजगणित येथे एक पायरी आधीच थांबते. एक्स^३२ + १ या बहुपदीचे परिमेय सहगुणकांत अवयव पडतच नाहीत, तरी एक्सच्या जागी २ ठेवल्यावर येणाऱ्या ४२९४९६७२९७ चे मात्र पडतात. याच ठिकाणी सतराव्या शतकात फर्माची गफलत झाली होती. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ मूळ आहेत हे पाहून या साच्याच्या सर्वच संख्या मूळ असाव्यात असे त्याला वाटले. १७३२ मध्ये ऑयलरने पुढच्याच संख्येला ६४१ ने भाग जातो हे दाखवले. ऑयलरच्या तर्काने या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवून आलेला असायला हवा. म्हणजे तपासायच्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशा येतात, आणि पाचवीलाच काम फत्ते होते. मुलांना मी ते जीपीवर करू दिले नाही, फळ्यावर करून घेतले : ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, तसेच ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २^७ ला ६४१ ने भागल्यावर बाकी −१ येते, चौथा घात केल्यावर ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवले की −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने नि:शेष भाग. चार ओळी झाल्या. गणकाने फोड दाखवली, पण ती का पडते ते गणक सांगत नाही, आणि सांगतो असा दावाही करत नाही.

येथे त्या स्वस्त कॅल्क्युलेटरचे एक कौतुक करायला हवे. दहा अंकांपर्यंतच्या संख्येची फोड देणारी कळ त्याच्यावर आहे. ४२९४९६७२९७ दिल्यावर त्याने ६४१ × (६७००४१७) असे दाखवले, दुसरा अवयव कंसात. तो कंस म्हणजे ‘याची मी पुढे तपासणी केलेली नाही’ अशी कबुली आहे. इतकी प्रामाणिक खूण मी महागड्या साधनांतही पाहिलेली नाही.

उरलेल्या गुणधर्मांसाठी प्रत्येकाची वेगळी आज्ञा आहे आणि त्यांची नावे एकदा कळली की हात बसतो. सर्व विभाजकांची बेरीज देणारी सिग्मा चालवून तिला आमच्या संख्येनेच भागले तर १.७०३ च्या आसपास येते. २ पेक्षा कमी, म्हणून ही संख्या न्यून. ऑयलरच्या फायनुसार हिच्याहून लहान आणि हिच्याशी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या निम्म्याहून किंचित कमी आहेत. निम्म्या पटाच्या ४२९४९६७२९५ साठी तर फायचे उत्तर नेमके २^३१ येते, कारण तिच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही अवयवांतून एक वजा केला की २ चे घातच उरतात. याच कारणामुळे गाउसच्या सिद्धान्तात या पाच संख्यांना मान आहे. अठराव्या वर्षी, १७९६ मध्ये, त्याने कंपास आणि पट्टीने नियमित सतराकोन काढता येतो हे दाखवले. त्याच्या निकषानुसार आज ज्ञात असलेल्या विषम बाजूंच्या अशा बहुभुजाकृती ३१ आहेत आणि त्यांच्या बाजूंची संख्या म्हणजे १ वगळून निम्म्या पटाच्या दाण्यांचे विभाजक. सर्वांत मोठीला ४२९४९६७२९५ बाजू आहेत. विभाजकांची यादी मागितली की ही संपूर्ण मालिका पडद्यावर येते. मुलांनी त्यात १७ शोधून काढला तेव्हा वर्गात थोडा गलका झाला.

द्विमान पद्धतीत आमची संख्या म्हणजे ओळीने चौसष्ट एक. संगणकाच्या चौसष्ट बिटांच्या खणात चिन्हाविना मावणारी ही सर्वांत मोठी संख्या असून तिच्यात एक मिळवला की खण शून्यावर येतो, जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यासारखा. नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचा विषय निघाला की देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांची आठवण येतेच, कारण त्यांच्या डेम्लो संख्या अशाच संख्यांच्या वर्गांतून येतात. म्हणून त्यांची हर्षद-कसोटीही, म्हणजे संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो का, ही लावून पाहिली. अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ × २९. फोडीत २९ नाही, तेव्हा आमची संख्या हर्षद नाही. ती वाचून दाखवायची तर भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेली अठरा स्थाने अपुरी पडतात, कारण परार्ध हे अठरावे स्थान आणि संख्या वीस अंकांची. तरी १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लक्ष, ५१ हजार ६१५ असे ती म्हणता येते. निखर्वाच्या जागी शून्य आहे. म्हणताना प्रत्येक जण तेथेच अडखळला.

मूळपणाच्या चाचण्यांविषयी थोडे सावध करणे आवश्यक आहे. जीपीमध्ये दोन आज्ञा आहेत. एक सिद्धतेसह उत्तर देते, दुसरी अतिशय वेगवान आहे पण तिच्यामागे सर्व संख्यांसाठीची सिद्धता नाही. गंमत अशी की त्या वेगवान चाचणीला २^६४ च्या खालच्या सर्व संख्यांत एकही अपवाद नाही हे तपासून झालेले आहे. म्हणजे खात्रीची हद्द नेमकी आमच्या संख्येपर्यंत येऊन थांबते. त्या हद्दीखाली सर्वांत मोठी मूळ संख्या २^६४ − ५९ आणि वरची पहिली २^६४ + १३; मधले अंतर ७२, सरासरीने येथे ते ४४ च्या आसपास असते. चाचणीत कच्चे काय राहू शकते हे दाखवायला ४२९४९६७२९७ पुन्हा कामी येते : पायाला २ घेऊन केलेली साधी फर्मा-चाचणी (संख्येहून एकने लहान इतका २ चा घात घेऊन त्याला संख्येने भागल्यावर बाकी १ येते का, एवढेच पाहणारी) या संख्येला बिनदिक्कत मूळ ठरवते. म्हणून जीपीची वेगवान चाचणी तेवढ्यावर थांबत नाही. मात्र फॅक्टरची फोड मोठ्या संख्यांच्या बाबतीत मुळात या वेगवान चाचणीवरच विसंबून असते. सिद्धता हवी असेल तर तशी सोय सुरू करावी लागते. माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आहे, पण पुस्तिका वाचणारे किती?

मर्यादा सांगायच्या तर पहिली गणिताचीच आहे. २^५१२ + १ ही १५५ अंकी संख्या जीपीला दिली तर २४२४८३३ हा अवयव तो चटकन काढेल आणि उरलेले १४८ अंक मूळ नाहीत हेही सांगेल, परंतु त्यांचे अवयव मिळण्याची वाट पाहत बसू नये. १९९० मध्ये ती फोड पूर्ण झाली तेव्हा शेकडो संगणक जुंपावे लागले होते. फॅक्टरला मर्यादा घालून लहान अवयवांपुरतेच शोधायला सांगता येते. नवख्याने ही सवय आधी लावून घ्यावी. बाकीच्या अडचणी घरगुती आहेत. सगळे इंग्रजीत आहे, देवनागरी अंक चालत नाहीत, लहान-मोठ्या लिपीतील अक्षरे वेगळी मानली जातात आणि संख्येत दशांशचिन्ह आले की ती पूर्णांक राहत नाही, मग तिच्या विभाजकांविषयी विचारण्यात अर्थ उरत नाही. बटणांची सवय असलेल्या मुलांना पहिला अर्धा तास जड जातो. ज्याला केवळ टक्केवारी, व्याज किंवा त्रिकोणमिती हवी आहे त्याने याच्या वाटेला जाऊ नये. त्याला तो कॅल्क्युलेटर उत्तम. नववीपासून पुढच्या, संख्यांची आवड असलेल्या विद्यार्थ्याला आणि ऑलिम्पियाडची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकाला मी पारी-जीपी बेलाशक सुचवीन. फोनवरही चालतो, पण लांब फोड पाहायला संगणकाचा रुंद पडदा बरा.

पुढच्या रविवारी मुले स्वत:च दोन पट जोडून आली होती : १२८ घरे, २^१२८ − १ दाणे, ३९ अंक. जीपीने नऊ मूळ अवयव दिले. सात आधीचेच होते. आठवा २७४१७७ आणि नववा ६७२८०४२१३१०७२१, म्हणजे दोन दाणे वाढवलेल्या शेजारणीचे, २^६४ + १ चे, तेच दोन अवयव. फॉर्चुने लान्द्री या फ्रेंच गणितीने ही फोड १८८० मध्ये कागदावर केली तेव्हा तो ब्याऐंशी वर्षांचा होता, हे ऐकल्यावर वर्गातल्या एकीने दोन्ही संख्या वहीत उतरवून घेतल्या आणि जीपी बंद करून हाताने गुणाकार करायला बसली.